बलक फिका, अंडं लहान, फीडरात भुकटी: धान्य बदलायचं की जाळी?

इंदूरच्या मंडीत मक्याचा भाव चढला की आपल्याकडचे लेयरवाले (अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे) खाद्यात गहू नाहीतर ज्वारी मिसळायला लागतात, आणि मग अंड्यात काहीही फरक दिसला की सगळं खापर धान्यावर. पण धान्याचा परिणाम वेगळा आणि दळणाचा, म्हणजे गिरणीला लावलेल्या जाळीचा, वेगळा, हे आधी नीट बघा, नाहीतर चुकीच्या ठिकाणी पैसे जातात.

धान्याचा फरक अंड्याच्या आत दिसतो. पिवळ्या मक्यात ल्युटीन, झिझँथिन ही रंगद्रव्यं असतात, गव्हात आणि पांढऱ्या ज्वारीत ती फारच कमी, म्हणून बलक फिका पडतो. त्यानं प्रथिनं वगैरे काही कमी होत नाही पण गिऱ्हाईक नाक मुरडतंच. मक्यातलं लिनोलिक आम्ल (तेलातलं एक मेदाम्ल) घटलं की अंडं थोडं लहान येतं, त्यावर खाद्यात थोडं सोयातेल घालतात आणि माळव्यात त्याला काय तोटा! गव्हात प्रथिनं जास्त, साधारण 11-12 टक्के, मक्यात 8-9, पण गव्हातले अरॅबिनोझायलन हे तंतू आतड्यात चिकट होतात, विष्ठा ओली पडते, अंडी माखतात, तेव्हा ते तंतू तोडणारं झायलनेज एन्झाइम लागतं.

दळणाचा फरक फीडरात दिसतो. कोंबडी चोचीनं कण उचलते, पीठ तिला उचलताच येत नाही, त्यात गहू अगदी बारीक असेल तर चोचीला लगदा चिकटून बसतो. तळाला जी भुकटी उरते ना, त्यातच व्हिटॅमिन, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं, म्हणजे सगळ्यात महाग माल वाया. भरड कणांनी गिझार्डला (दाणे भरडणाऱ्या स्नायूमय पोटाला) काम मिळतं, ते बळकट होतं, पचन सुधारतं. पण म्हणून अर्धवट फुटलेला मका टाकू नका, दांडग्या कोंबड्या तुकडे वेचतात आणि बाकीच्यांना धूळ उरते.

लेयरसाठी हॅमर मिलला (हातोड्यांनी धान्य फोडणाऱ्या गिरणीला) बहुतेक 6 ते 8 मिमीची जाळी लावतात. तरी तीच जाळी गव्हाला आणि मक्याला सारखं दळण देईलच असं नाही, धान्याचा ओलावा, कडकपणा, झिजलेले हातोडे, सगळ्यानं फरक पडतो, म्हणून धान्य आणि जाळी एकाच आठवड्यात बदलू नका, कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.

कवच पातळ येत असेल तर मात्र आधी कॅल्शियम बघा, त्यातही कणाचा आकार महत्त्वाचा. कोंबडीला रोज साधारण 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि कवच बरंचसं रात्री बनतं. चुनखडीची पावडर लवकर निघून जाते, 2 ते 4 मिमीचे शेल ग्रिटचे (शिंपल्यांच्या भरडीचे) तुकडे गिझार्डमध्ये थांबून रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणून ग्रिट संध्याकाळच्या खाद्यात द्या आणि दुपारी एकदा फीडर पूर्ण रिकामा होऊ द्या, म्हणजे खालची भुकटीपण खाल्ली जाते.