नोंदीपासून दुरुस्तीपर्यंत: शहरातील पुलांचे सॉफ्टवेअर

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात २८ जानेवारी २०२२ रोजी सकाळी उजाडण्यापूर्वी फर्न हॉलो पूल एक बस आणि काही मोटारींसह दरीत कोसळला. काही जण जखमी झाले, पण कोणी दगावले नाही. पुलाची तपासणी होत नव्हती असे नाही; २०११ पासून त्याची अवस्था ‘वाईट’ अशीच नोंदवली जात होती. हा पूल ज्या पोलादाचा होता, त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो व तोच पुढचा गंज रोखतो. मात्र त्यासाठी पोलाद अधूनमधून कोरडे व्हावे लागते. येथे निचऱ्याची तोंडे तुंबल्यामुळे पाणी पुलाच्या तिरप्या पायांवर उतरत होते आणि साचलेल्या कचऱ्याने पोलाद ओलेच राहत होते. तपासनिसांच्या शिफारशी वर्षानुवर्षे अमलात आल्या नाहीत, असे राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२४ मध्ये नोंदवले.

अमेरिकेत नियमित तपासणीचे राष्ट्रीय निकष आले तेच एका दुर्घटनेमुळे. १९६७ मध्ये ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे मृत्युमुखी पडली आणि १९७१ मध्ये हे निकष लागू झाले. त्यातून जमलेल्या माहितीचा उपयोग करण्यासाठी १९९० च्या दशकात ‘पॉन्टिस’सारखी सॉफ्टवेअर वापरात आली. त्यांत गर्डर (आडवी तुळई), स्लॅब, बेअरिंग (तुळई ज्यावर टेकते तो आधार) असा प्रत्येक घटक वेगळा धरतात, त्याचा किती भाग चांगल्या व किती भाग खराब अवस्थेत आहे हे लिहितात आणि वर्षभरात तो एका अवस्थेतून खालच्या अवस्थेत घसरण्याची संभाव्यता जुन्या नोंदींवरून काढतात. शेकडो पुलांमध्ये निधी कसा वाटावा हे ठरवायला हे गणित उत्तम आहे. अमुक एका पुलाचे निचऱ्याचे तोंड तुंबले आहे, हे मात्र त्यातून कळत नाही.

म्हणून माझ्या मते अशा सॉफ्टवेअरचा खरा कस भाकितापेक्षा पाठपुराव्यात लागतो, आणि नेमका हाच भाग सादरीकरणात कोणी दाखवत नाही. प्रत्येक शिफारशीला क्रमांक, जबाबदार अधिकारी आणि मुदत हवी. काम झाल्याचे छायाचित्र जोडल्याशिवाय ती बंद होऊ नये आणि मुदत टळली की ती वरिष्ठांपुढे आपोआप जावी. आपल्याकडे २०१६ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय पूल व्यवस्थापन प्रणालीत पुलांना स्वतंत्र ओळख क्रमांक देण्यात आले, ही या कामाची पहिली पायरी होय.

फर्न हॉलोच्या बाबतीत आणखी एक दोष आढळला. पुलाची धारणक्षमता, म्हणजे तो किती भार पेलू शकतो हे, काढताना डांबराच्या थराची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी धरली होती आणि पायांची ताकद जास्त मानली होती. हिशेब बरोबर झाला असता तर पूल आधीच बंद करावा लागला असता. अशी चूक टाळायची तर जाडीच्या आकड्यासोबत तो प्रत्यक्ष मोजलेला आहे की जुन्या नकाशावरून उचललेला, आणि कोणत्या तारखेचा, हेही नोंदवले पाहिजे. नवा थर टाकल्याची नोंद होताच सॉफ्टवेअरने धारणक्षमतेचा जुना हिशेब रद्द ठरवून नवा मागितला पाहिजे.