महामारीतील संसर्ग आणि कामगार अपघात विमा
कामावर असताना साथीच्या रोगाची लागण झालेल्या कामगाराला, किंवा तो दगावल्यास त्याच्या वारसांना, अपघाताच्या भरपाईच्या धर्तीवर मिळणारे संरक्षण. यंत्रात हात सापडला तर वेळ, जागा आणि जखम दाखवता येते. विषाणूची लक्षणे काही दिवसांनी दिसतात. तो वॉर्डात जडला, लोकलमध्ये की घरी, हे रुग्णालाही सांगता येत नाही. म्हणून पुराव्याचा भार कोणावर, यावरच सगळे ठरते.

जंतुसंसर्गाला अपघात म्हणावे का, हा प्रश्न कोविडच्या खूप आधीचा. इंग्लंडमधील किडरमिन्स्टरच्या गालिचा कारखान्यात लोकर निवडताना एका कामगाराच्या डोळ्यात अँथ्रॅक्सचा जंतू शिरला आणि तो मरण पावला. १९०५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो अपघातच मानला.

भारतात १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून होणारे रोग तिच्यात पहिल्याच क्रमांकावर होते, आणि आरोग्यसेवा व प्रयोगशाळेतील कामाचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. अशा कामगाराला रोग झाला की तो कामामुळेच झाला असे धरले जाई. तसे नसल्याचे सिद्ध करणे मालकाकडे. परिचारिकेला याचा आधार होता. किराणा दुकानातील नोकर, सुरक्षारक्षक किंवा घरपोच माल देणारा यांना मात्र ‘विशेष धोक्याचे इतर काम’ या मोघम शब्दांवर विसंबावे लागे.

कोविडकाळात सरकारने वेगळ्या योजना काढल्या. ३० मार्च २०२० पासून कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजखाली ५० लाख रुपयांचा विमा लागू झाला; आशा सेविकाही त्यात होत्या. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेत कोविडने दगावलेल्या विमाधारकाच्या अवलंबितांना सरासरी वेतनाच्या ९० टक्के, महिन्याला किमान १,८०० रुपये ठरले. लागण कामावरच झाली हे इथे दाखवावे लागत नव्हते, आणि या योजनेचे खरे मोल तेच. अट वर्षभरात किमान ७० दिवसांच्या वर्गणीची होती. कंत्राटदाराने नोंदणीच केली नसेल तर कुटुंबाच्या हाती काहीच येत नसे.

५० लाखांच्या विम्यात खासगी डॉक्टरांचा प्रश्न अडला. नवी मुंबईत दवाखाना चालू ठेवून कोविडने मरण पावलेल्या एका डॉक्टरच्या कुटुंबाला, सरकारने त्यांची सेवा रीतसर मागितली नव्हती या कारणावरून, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये ही भूमिका नाकारली: महापालिकेच्या नोटिसा आणि साथरोग कायद्याखालील आदेश पाहता सेवा मागितलीच गेली होती. प्रत्येक दाव्यात मृत्यू कोविडच्या कामामुळे झाला हे मात्र वारसांनी पुराव्याने दाखवायचे आहे. ज्या दवाखान्याला बंद ठेवण्याची मुभा नव्हती, त्याच्या डॉक्टरच्या घरच्यांना एवढ्या निर्णयासाठी इतकी वर्षे थांबावे लागणे अन्यायाचे आहे.

इटलीने वेगळी वाट धरली. १७ मार्च २०२० च्या वटहुकुमाने कामावर झालेली कोविडची लागण कामगार विमा संस्थेच्या लेखी अपघात ठरली. एप्रिलच्या परिपत्रकाने आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबरच दुकानातील विक्रेते, रोखपाल आणि रुग्णालयातील सफाई कामगार यांच्या बाबतीतही लागण कामातूनच झाल्याचे गृहीत धरले. भारतात १९२३ च्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत रोगांची जुनी यादी तिसऱ्या अनुसूचीतच आहे. दुकानातल्या नोकराचे नाव तिच्यात आजही नाही.