टाइम स्टडी आणि मोशन स्टडी: आधी हालचाल, मग घड्याळ

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ‘टाइम-मोशन करून टाका’ असं एका दमात सांगितलं जातं आणि आय.ई.चा (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा) मुलगा स्टॉपवॉच घेऊन लाइनवर उभा राहतो. ही झाली टाइम स्टडी. तिला मोशन स्टडी म्हणणं आता थांबायला हवं.

टाइम स्टडीचा जनक, अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर बहुतेकांना पाठ असतो: मिडव्हेल स्टीलमधलं घड्याळ, बेथलेहेम स्टीलमध्ये १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर गेलेलं लोखंड उचलण्याचं रोजचं काम, १९११ चं पुस्तक. मोशन स्टडीवाला फ्रँक गिलब्रेथ मात्र गवंडीकामातून वर आलेला. एक वीट बसवायला लागणाऱ्या हालचाली त्याने १८ वरून ५ च्या आसपास आणल्या. पुढे पत्नी लिलियनसोबत कामाचं चित्रीकरण करून हातांच्या हालचाली तपासल्या.

खरी गफलत इथे होते. समजा, ऑपरेटर प्रत्येक बोल्टसाठी जमिनीवरच्या बिनपर्यंत, म्हणजे बोल्टच्या पेटीपर्यंत, वाकतो. टाइम स्टडी हे वाकणं कामाचा भाग धरून मोजते. ४० सेकंद लागले, रेटिंग (नेहमीच्या तुलनेत कामाचा वेग) १२० टक्के, म्हणजे ४८. त्यावर थकवा-विश्रांतीसाठी साडेबारा टक्के अलाउन्स, झाले ५४ सेकंद. हिशेब चोख, पण वाकणं कायमचं स्टँडर्डमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत, जाऊन बसलं. मोशन स्टडी विचारते, हा माणूस वाकतोच कशाला? बिन कोपराच्या उंचीवर आणला की ती हालचालच उरत नाही. मोजमाप त्यानंतर करायचं. हा क्रम उलटा करणाऱ्याला मी आय.ई. म्हणणार नाही.

टेलरने पद्धतीकडे पाहिलंच नाही, असंही नव्हे. फावड्यात एका वेळी सुमारे २१ पौंड माल असावा, हा शोध त्याचाच. बाकी फरक, कुणाचा कॅमेरा आणि कुणाचं घड्याळ, परीक्षेपुरते.

कामगारांचा राग नेमका कशावर होता तेही पाहा. १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉचवरूनच संप झाला. गिलब्रेथ दांपत्य तर थकवा कमी कसा होईल याच्या मागे होतं. आपल्याकडे मात्र बिन तिथेच ठेवून टार्गेट वाढवतात आणि युनियन आडमुठी आहे म्हणतात. हिंजवडीतल्या टाइमशीटचंही तेच: एका मंजुरीसाठी चार जणांना मेल का लागतात हे कुणी तपासत नाही, तास तेवढे भरून घेतात.