रिकाम्या टाकीतली हवा

ज्यांच्या घरी एकेकाळी पितळी पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना रॉकेलचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. नुसती काडी ओढून तो स्टोव्ह पेटत नसे. आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, तो पुरता तापला की मगच पंप मारायचा. घाई केली तर निळ्या ज्योतीऐवजी पिवळा भडका उडायचा आणि भांड्यांची बुडं काळीठिक्कर व्हायची. कारण साधं आहे. रॉकेल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीसुद्धा हवेत नेमक्या प्रमाणात मिसळलेली असावी लागते.

जेट विमानाचं इंधन हे या रॉकेलचंच जास्त शुद्ध, जास्त काटेकोर भावंड. आपल्याकडे विमानांत भरतात ते जेट ए-१ उणे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही आणि त्याचा ज्वलनांक किमान ३८ अंश असावा लागतो. म्हणजे समुद्रसपाटीला इंधन ३८ अंशांपेक्षा थंड असेल, तर त्यावर पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही. हा आकडा वाचून हायसं वाटत असेल, तर मे महिन्यातली नागपूरची दुपार आठवून पाहावी.

प्रवासी विमानाचं बहुतेक इंधन पंखांत असतं. वेगळी टाकी आणून तिथे बसवलेली नसते. पंखाच्या आतली पोकळीच सांधे बंद करून टाकी म्हणून वापरतात. मोठ्या विमानांत आणखी एक टाकी असते, दोन पंख जिथे धडाला मिळतात तिथे, प्रवाशांच्या पायांखाली. तिला मधली टाकी म्हणू. लांबचा पल्ला असेल तर ती भरतात, जवळ जायचं असेल तर रिकामी ठेवतात. आणि सगळं दुखणं या ‘रिकामी’ शब्दात आहे, कारण ती कधीच खरोखर रिकामी नसते. तळाशी पंपाला न ओढता येणारं थोडं इंधन उरतं आणि त्यावर खोलीएवढी हवा असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. तळ ओला असलेली मोकळी टाकी मात्र वाफ आणि हवा यांचं मिश्रण करायला आदर्श भांडं ठरते.

हवेत या वाफेचं प्रमाण साधारण ०.६ टक्क्यांच्या खाली असेल तर मिश्रण विरळ पडतं, पावणेपाच टक्क्यांच्या वर गेलं तर फार दाट होतं. दोन्हींत पेट घेत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते. किती क्षुल्लक? सुमारे ०.२ मिलिज्यूल. एक ग्रॅम वजनाची वस्तू दोन सेंटीमीटर वर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. त्यात उंचीची भर पडते. वर हवा विरळ होत जाते, पण वाफ किती तयार होणार हे मुख्यतः इंधनाच्या तापमानावर ठरतं. त्यामुळे हवेच्या तुलनेत वाफेचा वाटा वाढतो आणि जमिनीवर जे इंधन निरुपद्रवी होतं, तेच तितक्याच तापमानाला वर गेल्यावर पेटू शकतं.

मग विमानं रोज का फुटत नाहीत? एक तर पंखांतल्या टाक्या उणे पन्नास अंशांच्या वाऱ्यात लवकर थंड होतात. आणि दुसरं म्हणजे टाकीत ठिणगी पडूच नये यासाठी अभियंत्यांनी जंग जंग पछाडलं आहे.

विमानात इंधन भरताना पाहायला मिळालं तर पाहा: नळी जोडण्याआधी टँकर आणि विमान एका तारेने जोडतात. इंधन नळीतून आणि गाळणीतून वेगाने जाताना स्थिर विद्युतभार साठतो, थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं तसा. ती तार दोघांना एकाच विद्युत पातळीवर ठेवते. शिवाय साठलेला भार लवकर निचरून जावा म्हणून जेट ए-१ मध्ये एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळलेलं असतं. टाकीतले पंप अशा कवचात असतात, की आत ठिणगी उडाली तरी ज्योत बाहेर येऊ नये. टाकीचा श्वास जिथून बाहेर पडतो त्या तोंडाशी ज्योत अडवणारी जाळी असते. पंखाचा अॅल्युमिनियमचा पत्रा टाकीवर सुमारे दोन मिलिमीटर जाड ठेवतात, म्हणजे वीज कोसळली तरी भोक पडून आत आग जाणार नाही. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा तरी वीज पडतेच, आणि बहुतेक वेळा आत बसलेल्यांना एका मोठ्या आवाजापलीकडे काही कळत नाही.

विजेची ही धास्ती उगाच नाही. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या एल्कटन गावावर पॅन ॲम या विमान कंपनीचं बोइंग ७०७ वादळात घिरट्या घालत होतं. वीज पडली, डाव्या पंखाच्या टोकाजवळच्या टाकीत स्फोट झाला आणि विमानातले सर्व ८१ जण गेले. त्यानंतर विजेपासून संरक्षणाचे नियम कडक झाले. पण विचाराची दिशा तीच राहिली. टाकीतली हवा पेटाऊ असू शकते हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं, आणि उपाय एकच: ठिणगी पडू द्यायची नाही. दारूगोळ्याच्या कोठारात राहायचं आणि काडी मात्र कधीही ओढायची नाही, असा हा करार होता.

तो मोडला १७ जुलै १९९६ च्या संध्याकाळी.

टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं फ्लाइट ८००, बोइंग ७४७, न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं होतं. पंचवीस वर्षं जुनं विमान. मधली टाकी जवळजवळ ४९ हजार लिटरची, पण पॅरिसपर्यंत तिची गरज नव्हती, म्हणून तळाशी जेमतेम १९० लिटर इंधन. उशीर होत होता, उन्हाळ्याचे दिवस होते, आणि प्रवाशांना गारवा मिळावा म्हणून वातानुकूलन यंत्रं सुमारे अडीच तास चालू होती. ही यंत्रं प्रवाशांना थंड करताना स्वतः भयंकर तापतात, आणि या विमानात ती बरोबर मधल्या टाकीच्या खाली बसवलेली होती. म्हणजे स्टोव्हचा काकडाच टाकीखाली पेटवून ठेवला होता. पुढे तपास पथकाने तशाच ७४७ मधून तसंच उड्डाण करून पाहिलं, तेव्हा टाकीतल्या हवेचं तापमान ३८ ते ५३ अंशांच्या दरम्यान भरलं.

८ वाजून १९ मिनिटांनी विमान उडालं. दहाएक मिनिटांनी कॅप्टनने सहकाऱ्यांना सांगितलं, की चौथ्या इंजिनाचा इंधनप्रवाह दाखवणारा काटा वेड्यासारखा करतोय. ८ वाजून ३१ मिनिटांनी, सुमारे १३,७०० फुटांवर, लाँग आयलंडजवळ समुद्रावर विमान फुटलं. २३० माणसं होती, कुणीही वाचलं नाही.

किनाऱ्यावरच्या अनेकांनी आकाशात वर चढणारी आगीची रेघ पाहिल्याचं सांगितलं, आणि क्षेपणास्त्राच्या कथा सुरू झाल्या. एफबीआयने सोळा महिने तपास केला, पण घातपाताचा पुरावा सापडला नाही. समुद्रतळावरून विमानाचे तुकडे काढून एका मोठ्या हँगरमध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आज मागे वळून पाहताना मला त्या कथांपेक्षा हा जोडकामाचा चिवटपणा जास्त थरारक वाटतो. चार वर्षांनी, ऑगस्ट २००० मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष दिला: मधल्या टाकीत वाफ आणि हवेच्या मिश्रणाचा स्फोट. ठिणगी नेमकी कुठून आली हे खात्रीने ठरवता आलं नाही. सर्वांत जास्त संशय इंधनाची पातळी मोजणाऱ्या तारांवर होता. या तारांतून टाकीत जाणारा प्रवाह मुद्दाम अगदी क्षीण ठेवलेला असतो. पण टाकीबाहेर त्या जास्त विद्युतदाबाच्या तारांशेजारून, एकाच जुडग्यातून जात होत्या. जुन्या तारांचं आवरण चिरलं, शॉर्टसर्किट झालं, आणि त्या दाबाची वीज मोजणीच्या तारेवरून टाकीत शिरली, असा तो तर्क. टाकीतल्या मोजपट्ट्यांवर वर्षानुवर्षांत गंधकाचे क्षार साठले होते, तेही ठिणगीला हातभार लावू शकत होते.

हा काही पहिला स्फोट नव्हता. मे १९९० मध्ये मनिलाला एक बोइंग ७३७ गेटपासून मागे ढकललं जात असतानाच मधली टाकी फुटली आणि आठ माणसं गेली. त्या टाकीत दोन महिने इंधन भरलेलंच नव्हतं. हा शेवटचाही नव्हता. मार्च २००१ मध्ये बँकॉकला, ज्या ७३७ मधून थायलंडचे पंतप्रधान जाणार होते त्याची मधली टाकी ते चढण्याआधी फुटली आणि एक कर्मचारी दगावला. ४ मे २००६ रोजी बंगळुरूच्या विमानतळावर उभ्या असलेल्या ७२७ मालवाहू विमानाची डाव्या पंखातली टाकी फुटली. तिथे संशयाचं बोट पंपाकडे जाणाऱ्या तारांकडे गेलं. दर वेळी ठिणगीची वाट निराळी. करोडो तास उडणाऱ्या, म्हाताऱ्या होत जाणाऱ्या विमानांत ठिणगीच्या सगळ्या वाटा आधीच ओळखून बुजवता येतील ही अपेक्षाच चूक होती.

सैनिकी विमानांना हे केव्हाच कळलं होतं, कारण त्यांच्या टाकीत ठिणगी नव्हे तर पेटती गोळीच शिरते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत इल्यूशिन-२ विमानात इंजिनाचा थंड केलेला धूर टाकीत सोडत. त्यात ऑक्सिजन जवळजवळ उरलेलाच नसतो. पुढे काही लढाऊ विमानांच्या टाक्यांत स्पंजासारखा जाळीदार फोम भरला, म्हणजे ज्योत पसरायला वाव मिळत नाही. एसआर-७१ हे हेरगिरी विमान द्रवरूप नायट्रोजन बरोबर घेऊनच उडे. तत्त्व तेच: वाफ असू दे, ठिणगीही पडू दे, ऑक्सिजनच नसेल तर पेटणार काय? पण नायट्रोजनच्या बाटल्या, फोम, त्यांचं वजन, त्यांची देखभाल, हे प्रवासी विमान कंपन्यांना परवडणारं नव्हतं. सुरक्षा मंडळाने १९९६ च्या डिसेंबरातच टाक्यांतली हवा निष्क्रिय, म्हणजे पेट न घेणारी, करण्याची शिफारस केली होती. उद्योगाचं उत्तर ‘फार महाग’ असं होतं, आणि पुढची काही वर्षं ते तसंच राहिलं.

कोंडी फोडली ती अमेरिकी विमान प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, प्रयोगशाळेतल्या दोन गोष्टींनी. पहिली होती एक आकडा. लष्कराचा हिशेब टाकीत ऑक्सिजन नऊ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा होता. प्रयोगांत दिसलं, की गोळ्या झेलायच्या नसतील तर समुद्रसपाटीला १२ टक्के पुरेसे आहेत. हवेत २१ टक्के असतात. तीन टक्क्यांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यानेच यंत्रणेचा आकार आणि खर्च आवाक्यात आला.

दुसरी गोष्ट म्हणजे नायट्रोजन बरोबर न्यायचाच नाही, उडता उडता हवेतून गाळायचा. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम, दाबलेली हवा मिळतेच. ती थोडी थंड करून, गाळून एका नळकांड्यात सोडतात. त्यात केसासारख्या बारीक, पोकळ प्लास्टिक तंतूंचा भारा असतो, हजारोंच्या संख्येने. तंतूच्या भिंतीतून ऑक्सिजनचे रेणू नायट्रोजनपेक्षा लवकर पार होतात. ते बाजूने निसटतात, विमानाबाहेर जातात, आणि दुसऱ्या टोकाला उरते नायट्रोजनने भरलेली हवा. ती टाकीत. गाळणाऱ्या नळकांड्यात हलणारा भाग एकही नाही. बोइंग ७८७ मध्ये इंजिनातून अशी हवा काढतच नाहीत, म्हणून तिथे या कामाला विजेवर चालणारा वेगळा कॉम्प्रेसर आहे.

खरी कसोटी उतरताना लागते. टाकी हवाबंद नसते, ती श्वास घेते. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो आणि टाकीतली हवा बाहेर पडते, तेव्हा थोडा नायट्रोजन सोडत राहिलं तरी भागतं. खाली येताना दाब वाढतो आणि ताजी, ऑक्सिजनवाली हवा आत घुसते. म्हणून उतरायला लागलं की यंत्रणा जास्त प्रवाहावर जाते. तेव्हा मिळणारा नायट्रोजन तितका शुद्ध नसतो, पण भरपूर असतो, आणि त्या वेळी शुद्धतेपेक्षा प्रमाण महत्त्वाचं.

जुलै २००८ मध्ये एफएएने नियम केला. त्याआधीच्या अंदाजानुसार, खाली तापणारी यंत्रं असलेली मधली टाकी सरासरी ३० टक्के वेळ पेटाऊ स्थितीत असे. आता ती मर्यादा तीन टक्क्यांची. शून्य नव्हे, हे लक्षात घ्या. ठिणगी टाळण्याचे जुने नियम आहेतच, उलट २००१ पासून ते जास्त कडक झाले. म्हणून ही नायट्रोजन यंत्रणा बिघडली तर विमान लगेच जमिनीवर बसवत नाहीत, ठरावीक दिवसांत दुरुस्ती करायची मुभा असते. काहींना हे ऐकून धक्का बसतो. मला ते प्रामाणिक वाटतं: दोन कुलपं लावलेल्या दाराचं एक कुलूप दोन दिवस दुरुस्तीला गेलं, तर घर सोडून पळत नाहीत.

या सगळ्यात नवा धोका आला तो तंत्रज्ञांच्या वाट्याला. टाकी तपासायला माणसाला अरुंद झरोक्यातून आत सरपटत जावं लागतं. पूर्वी तिथे भीती वाफेची होती, नाकाला वास यायचा, डोकं जड व्हायचं, शरीर सावध करायचं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन कमी झाला तर गुदमरल्याचीही जाणीव होत नाही, माणूस सरळ कोसळतो. म्हणून आता आत डोकं घालण्याआधी पंख्याने टाकी हवेशीर करायची आणि ऑक्सिजन मोजायचा. दिवसभर १२ टक्क्यांखाली आणण्यासाठी धडपडणारं हे विमान हँगरमध्ये आलं, की पहिलं काम टाकीतला आकडा पुन्हा २१ च्या आसपास नेणं.