चमकणारा सोन्याचा कण वेगळा, तापणारा वेगळा

‘सोन्याचे नॅनोकण कर्करोगाच्या पेशीत शिरतात, प्रकाश पडला की चमकतात आणि पेशीला जाळतात.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता चीड येते. कणाला भिडलेला जो प्रकाश बाहेर विखुरतो, तो सूक्ष्मदर्शकात दिसतो. जो कणात शोषला जातो, त्याची उष्णता होते. एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, दोन्हीकडे खर्ची पडत नाही.

चमकणं बहुतेकांना ठाऊक असतं: डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात रंगीत ठिपके. ते विखुरणं आहे; त्याला फ्लुरोसन्स (प्रकाश शोषून पुन्हा वेगळ्या रंगात उजळणं) तेवढं म्हणू नका. फ्लुरोसंट रंग उजेडात विझत जातो, सोन्याचा ठिपका विझत नाही.

खरा घोळ व्यासाचा आहे. ‘मोठा कण जास्त तापतो, मग मोठाच घ्या,’ असं सर्रास सांगतात. लहान कणांचा व्यास दुप्पट केला की एका कणाचं शोषण साधारण 8 पट होतं, विखुरणं मात्र 64 पट. आता सोनं तेवढंच ठेवा. व्यास दुप्पट झाला की कणांची संख्या आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे एकूण शोषण होतं तेवढंच राहिलं आणि विखुरणं 8 पट वाढलं. उष्णतेत काडीचीही भर नाही! 20 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) गोल कण त्याला भिडलेला जवळजवळ सगळा प्रकाश शोषतो. 80 च्या आसपास विखुरणं शोषणाच्या बरोबरीला येतं.

हे डोळ्यांनी दिसतं. 20 नॅनोमीटरच्या कणांची कुपी उजेडासमोर धरली तर स्वच्छ माणिकलाल. 100 च्या कणांची कुपी काळ्या कागदापुढे ठेवून बाजूने उजेड टाका, गढूळ तपकिरी झाक दिसते. ती झाक म्हणजे विखुरलेला प्रकाश, उष्णतेच्या हिशेबातून गेलेला.

आणखी एक. लहान गोल कण 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, आणि तो ऊतींमध्ये खोल जात नाही, कारण रक्तातलं हिमोग्लोबिनही तोच गिळतं. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी हिरव्या लेसरने मारल्या म्हणजे उपचार सापडला, असं कृपा करून लिहू नका. उपचारासाठी माझी पसंती सोन्याच्या बारीक नॅनोकांड्यांना. लांबी जाडीच्या साधारण चौपट ठेवली की त्यांचं शोषण 800 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सरकतं, आणि तो अवरक्त प्रकाश ऊतींमध्ये बराच आत पोचतो. म्हणून कणाचा व्यास आणि आकार न सांगता नुसतं ‘सोन्याचे नॅनोकण’ लिहिलेला लेख मी पुढे वाचतच नाही.