बालकल्याण निधीसाठी मॅरेथॉन

बालकल्याण निधीसाठी मॅरेथॉन : लांब पल्ल्याच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या व्यक्तीने त्या निमित्ताने नातेवाईक, मित्र आणि सहकारी यांना आवाहन करून मुलांचे आरोग्य, शिक्षण किंवा संगोपन यांसाठी झटणाऱ्या संस्थेस देणग्या मिळवून देण्याची पद्धत. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किमी. असते आणि अर्धमॅरेथॉनचे त्याच्या निम्मे. सातारा परिसरात अर्धमॅरेथॉनच अधिक रुळली आहे. शर्यतीचे प्रवेशशुल्क हा या निधीचा भाग नव्हे. ते पाणी, वैद्यकीय पथक, पदके, वेळेची नोंद अशा आयोजनाच्या खर्चाकडे जाते, आणि देणगी स्वतंत्रपणे संस्थेपर्यंत पोहोचवावी लागते. अनेक धावपटूंनाही हा फरक ठाऊक नसतो.

या पद्धतीला आजचे रूप १९८० नंतरच्या दशकात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये आले. आपल्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाल्यानंतर ब्रूस क्लेलंड या गृहस्थांनी ३८ धावपटूंचा चमू बांधला आणि १९८८ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये त्या चमूने रक्तकर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी ३,२२,००० डॉलर उभे केले. १९८१ मध्ये सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनमध्ये पुढे संस्थांनी शर्यतीतील जागा विकत घ्यायच्या आणि ठरावीक रक्कम जमवण्याची हमी देणाऱ्या धावपटूंना त्या द्यायच्या, अशी व्यवस्था रूढ झाली. भारतात २००४ पासून होत असलेल्या मुंबई मॅरेथॉनने ही प्रथा घराघरांत पोहोचवली. ‘क्राय’सारख्या मुलांच्या हक्कांसाठी १९७९ पासून कार्यरत असलेल्या संस्थाही या शर्यतीतून निधी उभारत आल्या आहेत.

साताऱ्यात २०१२ पासून पावसाळ्याच्या उत्तरार्धात सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून निघालेला मार्ग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जातो आणि त्याच वाटेने खाली येतो. चढाचा दम आणि उताराचा गुडघ्यांवरील भार दोन्ही सोसावे लागत असल्याने येथे येणारा धावपटू काही महिने आधीपासून अजिंक्यताऱ्याच्या चढावर सराव करतो. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात सलग तीनदा पहिला क्रमांक मिळवला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठली. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलीकडे पाहण्याची जिल्ह्याची दृष्टी त्यामुळे पुष्कळ निवळली.

मुलांसाठी लोकांकडे हात पसरण्याची या जिल्ह्याची परंपरा मात्र शर्यतींहून कितीतरी जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले, तेव्हा त्याचा मोठा आधार ‘मुष्टिफंड’ हा होता : घरातल्या बाईने मुलांसाठी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहासाठी गोळा व्हायचे. देणारीला आपले धान्य कोणाच्या ताटात पडते हे माहीत असे. मॅरेथॉनच्या निधीला आज याच गोष्टीची सर्वाधिक गरज आहे. देणगीदार बहुधा संस्थेला ओळखत नाही, तो धावणाऱ्याला ओळखतो आणि त्याच्या शब्दावर पैसे देतो. म्हणून संस्थेची पारख करण्याची जबाबदारी धावणाऱ्यावर येते. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे का आणि तिचे लेखापरीक्षण वेळेवर होते का, हे त्याने आवाहनापूर्वीच पाहिले पाहिजे. धावपटूंच्या एखाद्या गटाने स्वतःच वर्गणी गोळा करायची ठरवल्यास याच अधिनियमाच्या कलम ४१ क चा, म्हणजे वर्गणीसाठी घ्यावयाच्या परवानगीचा, प्रश्न येतो. गणेशोत्सव मंडळे धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घेतात ती याच कलमाखाली. देणगीवर मिळणारी आयकरातील सवलत (१९६१ च्या आयकर अधिनियमात कलम ८० ग) संस्थेला तशी मान्यता असेल तरच लागू होते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाईकाची देणगी विदेशी अंशदानात मोडते. तिच्यासाठी संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते.

आवाहनात मुलांची छायाचित्रे वापरण्याचा मोह आवरणे अत्यंत आवश्यक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. कायदा नसता तरी, पुढे मोठ्या होणाऱ्या मुलाच्या नावावर लोकांची कणव कायमची चिकटवण्याचा अधिकार कोणत्याही धावपटूला नाही.

निधी कोठे द्यावा याचे उत्तर सातारा आणि सांगलीत दूर शोधावे लागत नाही. साखर कारखान्यांचा गळिताचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली ऊसतोड कुटुंबे मराठवाड्यातून येऊन कारखान्यांच्या परिसरात कोप्या (झोपड्या) घालून राहतात, आणि मुलांची गावची शाळा वर्षाच्या मध्यावर सुटते. शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार अशा मुलांना जवळच्या शाळेत वर्षात केव्हाही प्रवेश मिळायला हवा. प्रत्यक्षात उसाच्या फडापासून शाळेपर्यंत जाण्याची सोय आणि धाकट्या भावंडांना सांभाळणारे कोणी नसेल, तर तो प्रवेश कागदावरच राहतो. वाहन, पाळणाघर, संध्याकाळचा वर्ग घेणारी शिक्षिका हे खर्च लहान पण महिनोन्‌महिने चालणारे असतात, आणि मोठे देणगीदार इमारतीला पैसे देतात तितक्या उत्साहाने या खर्चांना देत नाहीत. साताऱ्याची शर्यत हंगामाच्या तोंडावर येत असल्याने तिच्या निमित्ताने जमलेली रक्कम ऊसतोड कामगारांच्या पहिल्या टोळीच्या आगमनापूर्वी संस्थेच्या हाती पडू शकते. त्यासाठी आवाहन शर्यतीच्या किमान दोन महिने आधी सुरू करावे, किती मुलांसाठी कोणता खर्च करावयाचा ते त्यात स्पष्ट लिहावे, आणि मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या गावी परततील तेव्हा किती मुले अखेरपर्यंत वर्गात टिकली याचा आकडा खर्चाच्या हिशेबासह प्रत्येक देणगीदाराला कळवावा.