२,१४,७०५ रुळांचा हिशेब

३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सोव्हिएत गनिमी पथकांनी बेलारूस आणि आसपासच्या जर्मनव्याप्त भागात ‘रेल्वे युद्ध’ छेडलं. १५ सप्टेंबरपर्यंत २,१४,७०५ रूळ उडवले, असा त्यांचा अधिकृत आकडा. समोर जर्मन ‘मध्य’ सेनागटाच्या वाहतूक विभागाचा ऑगस्टचा अहवाल आहे, त्यात स्फोट झालेली ठिकाणं २०,५०५. तफावत दहापट, पण एवढ्यावर कुणाला खोटं ठरवू नये.

आधी हद्द जुळवायची. सोव्हिएत आकडा सहा आठवड्यांचा आहे आणि त्यात ‘उत्तर’ सेनागटाकडचा लेनिनग्राडचा भागही येतो. जर्मन आकडा एका महिन्याचा, एकाच सेनागटाचा. मग तारखा. त्या उन्हाळ्यात मॉस्कोचं घड्याळ बर्लिनच्या एक तास पुढे होतं, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासचा एकच स्फोट दोन दप्तरांत दोन तारखांना सापडतो.

खरी गोम मोजण्याच्या एककात आहे. सोव्हिएत रूळ साडेबारा मीटरचा. एका मार्गाला दोन रूळ, म्हणून २,१४,७०५ ला १२.५ ने गुणून दोनने भागा, म्हणजे १,३४२ किलोमीटर एकेरी मार्ग होतो. सोव्हिएत ग्रंथांत नेमका हाच आकडा छापलेला आहे! याचा अर्थ, उडवलेला प्रत्येक रूळ पूर्ण लांबीने गेला असं धरलं. प्रत्यक्षात छोट्या स्फोटाने रुळाचा एक तुकडाच उडतो. बाकीचा रूळ कापून, जोड देऊन पुन्हा वापरता येतो. शिवाय काही स्फोट बाजूच्या, वापरात नसलेल्या मार्गांवर झाले. ही टीका सोव्हिएत घातपाततज्ज्ञ इल्या स्तारिनोव्ह यांनीच केली आहे.

जर्मन कागदही डोळे झाकून घेऊ नयेत. त्याच अहवालात रेल्वेवरच्या हल्ल्यांच्या घटना जुलैत १,११४ आणि ऑगस्टमध्ये १,३९२. वाढ जेमतेम २५ टक्के. नुसती ही ओळ वाचली तर मोहीम फुसकी वाटेल. पण एका ‘घटने’त शेकडो स्फोट मावतात. निकामी केलेले ४,५२८ सुरुंग तर वेगळेच मोजलेत.

म्हणून आमच्या मते रुळांपेक्षा मार्ग किती तास बंद राहिला, हे शोधावं. ‘मध्य’ सेनागटाचे कागद जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात ‘आरएच १९-२’ या गटात आहेत. मार्गरक्षक डिव्हिजनांच्या रोजनिश्या अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘टी-३१५’ मायक्रोफिल्मवर पाहाव्यात. तिथे नोंद मिळाली नाही, तरी दावा लगेच खोडू नये: एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचं जर्मन लष्करी दप्तर मोठ्या प्रमाणात जळालं.